जानाबायच्या माहेरची नदी

मुलुंडच्या माणसाला चारकोप कुठं आहे ते विचारा. तो पश्चिमेकडं हात उडवून "कांदिवलीच्या तिकडं कुठंतरी" म्हणेल आणि विषय बदलेल. परवापरवापर्यंत मीही त्यातलीच होते. आम्ही मध्य रेल्वेवरची माणसं पश्चिम रेल्वेला परदेशच समजतो. त्यामुळं दिवाळीचे चार दिवस मी चारकोपला, तेही नदीतला कचरा उपसायला, जाऊन आले हे ऐकून आमच्या इमारतीतल्या बायकांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. कुणी माथेरानला जातं, कुणी महाबळेश्वरला, आणि ही बाई गटारात गेली. तर त्या बायकांसाठी, आणि ज्यांना ज्यांना असं वाटेल त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

गेले कशी, ते आधी सांगायला हवं. दादा मस्कतला गेल्यापासून माझी दिवाळी ओकीओकी झाली आहे. आई-वडील नाहीत, मी लग्न केलेलं नाही, आणि कोकणातलं खाडीकाठचं घर चुलत्यांकडं गेलं. दर भाऊबीजेच्या आधी दादाची कॅसेट येते. मी टेपरेकॉर्डर लावून बसते. तो विचारतो, "काय गो, बरी आसस मा?" आणि मी एकटीच त्या यंत्राला "हो रे" म्हणते. यंदा ती कॅसेटही आली नव्हती. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कुसुम बसते. ती चारकोपच्या कोळीवाड्यातली सून. तिच्या ते लक्षात आलं असणार.

"चार दिवस भिंतींकडं बघत बसण्यापेक्षा आमच्याकडं ये ना," ती म्हणाली. "पण फुकट खायला नाय हां. काम पडेल."

काम असं होतं. कुसुमची सासू जानाबाय. तिचं माहेर नदीनं वर गेलं की लागणाऱ्या वाडीतलं. लग्नात तिची वरात होडीतून खाली आली होती. त्यांच्यात रीत अशी, की जी होडीतून आली तिनं भाऊबीजेला माहेरी जायचं तेही होडीतून आणि परतायचंही होडीतूनच. कोरड्या वाटेनं आलेल्या बहिणीनं ओवाळलेलं भावाला लाभत नाही. एरवी म्हातारी वर्षातून दोनदा रिक्षानं जाऊन भावाला भेटून यायची. पण नदी कचऱ्यानं तुंबली तेव्हापासून भाऊबीज बंद. वर्षांमागून वर्षं गेली. या पावसाळ्यात भावाच्या, धर्माच्या, अंगावरून वारा गेला आणि त्याची एक बाजू लुळी पडली. तेव्हापासून म्हातारीनं एकच धोशा लावला होता. मना एकदा त्याला ओवालायचा हाय.

म्हणून तिचा मुलगा हरेश्वर, म्हणजे कुसुमचा नवरा, आणि त्याच्यासारखी अजून हातानं होडी वल्हवणारी पाच-सहा माणसं यांनी ठरवलं होतं, की भाऊबीजेच्या आत नदी मोकळी करायची. कोळीवाड्यात इंजिनाच्या बोटी पुष्कळ. पण त्या नदीत शिरल्या की पंख्याला चिंध्या गुंडाळल्या जातात. त्यामुळं वल्ह्यांवाल्यांनाच हे काम जमणार होतं. नारळी पौर्णिमेच्या शर्यतीखेरीज त्यांना हल्ली कुणी विचारत नसे. म्हणून ती मंडळी जरा जास्तच उत्साहात होती.

नरकचतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान. आमच्याकडं या दिवशी अंगणात कारीट फोडायचं, त्याची कडू बी जिभेला लावायची आणि मग पाच घरी फिरून पाच तऱ्हेचे पोहे खायचे. कुसुमकडं पोह्यांबरोबर कालचं कोलंबीचं सुकं होतं. मी आधी दचकले आणि मग दोनदा घेतलं.

"इतक्या चांगल्या दिवशी अंघोळ करून आता चिखलात जायचं?" मी कुसुमला विचारलं.

"मग काय, चिखलातून आल्यावर अंघोळ करायची नाय का? करशील की परत," ती म्हणाली.

होडीत बसले आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. तिचं बूड पाण्यावर एकदा डाव्या अंगाला, एकदा उजव्या अंगाला झुकलं आणि मी थेट लहानपणात जाऊन पोचले. आमच्या गावी शाळेला जायला तर होती, खाडीपार नेणारी होडी. दादा पुढं उभा राहायचा आणि मी त्याची चड्डी धरून मागं. चारकोपच्या त्या होडीत मी कुणाचं काय धरावं हे न कळून दोन्ही कडांना घट्ट धरून बसले. "घाबरलात काय बाई?" हरेश्वरनं विचारलं. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला वेळ लागला असता.

खाडीपासून नदीच्या तोंडापर्यंत दोन्ही बाजूंना तिवरं. पाण्यावर ऊन, बगळे, आणि मागं कोळीवाड्यातून फटाक्यांचे आवाज. इथवर देखावा एखाद्या कॅलेंडरवर छापावा असा. मग नदी वळली आणि वास आला.

त्या वासाचं वर्णन करत नाही. कचऱ्याचं करते, कारण तो पाहताना मला माणसांची सगळी वर्षं दिसली. गणपतीच्या मूर्तींतलं गवत आणि लाकडी पाट. कारखान्यांतून फेकलेल्या रबरी चपलांच्या पट्ट्या, हजारो, सगळ्या निळ्या. तबेल्यांचं शेण. नव्या वसाहतीच्या बांधकामाचा राडारोडा, सिमेंटच्या पिशव्या. वरून वाहत आलेली जलपर्णी. आणि चिंध्या. चिंध्या तर इतक्या, की नदीच कुणीतरी फाडून टाकली आहे असं वाटावं.

काम करायची त्यांची पद्धत ओहोटीची. भरतीच्या पाण्यावर होड्या वर न्यायच्या, पाणी उतरू लागलं की कचरा उघडा पडतो, मग चिखलात उतरायचं. बांबूला लोखंडी आकडी लावलेली असते. ती रुतवायची, ओढायची, जे येईल ते होडीत टाकायचं. होडी भरली की उतरत्या पाण्याबरोबर खाली येऊन उंच काठावर ओतायची. माझ्या हाती आधी पत्र्याचा डबा दिला, होडीत साचलेलं पाणी उपसायला. तेवढंच माझ्या योग्यतेचं दिसलं असावं. मला राग आला आणि मी आकडी मागून घेतली. पहिल्याच ओढीला मी गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. पाय वर आला, चप्पल आली नाही.

"राहू दे बाई," हरेश्वर म्हणाला, "उद्या दुसऱ्या कुनाच्या आकडीला येल ती."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा जानाबाय ओट्यावर बसली होती. ठेंगणी, काळीसावळी, कोळणी नेसतात तसं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी. तिनं मुलाला पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही.

"कुठवर जेलाव?" तिनं विचारलं.

"वलणापरत," हरेश्वर म्हणाला.

 हाताच्या बोटांवर अंगठा फिरवून तिनं उरलेले दिवस मोजले आणि आत गेली.

अमावास्या, लक्ष्मीपूजन

आज माणसं वाढली. वल्ह्यांवाल्यांच्या बायका आल्या, नव्या वसाहतीतले दोघे गुजराती आले, आणि शेजारच्या गावठाणातला एक ख्रिस्ती गृहस्थ आपली लहान होडी घेऊन आला. "आमचीपन हीच नदी ना," एवढंच तो म्हणाला आणि कामाला लागला. दुपारच्या जेवणाला त्यानं आणलेला पाव आणि आमची तांदळाची भाकरी अशी अदलाबदल झाली. बोंबलाच्या कालवणात बुडवायला पाव जास्त चांगला, असं माझं मत झालं आहे. आमच्याकडं कालवणात तिरफळं घालतात. इथं ठेचलेल्या लसणीवर भर असतो. मी तिरफळांची स्तुती करायला गेले तर कुसुम म्हणाली, "तू हाताला लागेल ते खा गं, यार. तुलना काय करतेस?" पण राहवत नाही. आपल्या घराबाहेर जेवलं की आपलं घरच जास्त आठवतं.

दुपारनंतर आम्ही पाइपापाशी पोचलो. नव्या वसाहतीला पाणी न्यायला नदीवरून आडवा टाकलेला मोठा काळा लोखंडी पाइप. तो दोन सिमेंटच्या खांबांवर होता. पाण्याला ओहोटी होती, त्यामुळं पाइप आमच्या डोक्यांच्याही वर राहिला होता. खांबांना अडकून कचऱ्याचा बांध तयार झाला होता. तो फोडायला सगळ्यांना संध्याकाळ झाली. फोडला तेव्हा पलीकडचं साठलेलं पाणी असं धावत सुटलं, की आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहून पाहत राहिलो. कुसुमनं माझा चिखलाचा हात आपल्या चिखलाच्या हातात धरला होता. लक्ष्मीपूजनाला घरी पोचायचं आहे हे बराच वेळ कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्या संध्याकाळी पणत्या लावताना मी जानाबायला विचारलं, की तुमचं माहेर कसं आहे.

"कसा म्हंजे?" ती म्हणाली. "म्हायेरासारखा."

मग आणखी एक पणती लावून स्वतःच म्हणाली, "आंगनातशी नदी दिसते. धर्मा आनि मी रोज गल टाकाचो. त्याच्या गलाला मासली लागाची, माझ्या गलाला शेवाल. तो आपली मासली माझ्या टोपलीत टाकाचा आनि आयला सांगाचा, जानानं धरली." तिनं पणतीतलं तेल नीट केलं. "ता माझा म्हायेर."

पाडवा

सकाळी बायकांनी होड्यांना हळदकुंकू लावलं, नवऱ्यांना ओवाळलं, आणि मग सगळे पुन्हा चिखलात. पाइपाच्या पलीकडचं काम सोपं होतं. तिथं नदी उथळ, त्यामुळं पाइपाखालून चालतच जायचं. होड्या अलीकडं ठेवून टोपल्या डोक्यावर वाहिल्या. दुपार कलता कलता वाडीपाशी पोचलो. चार-पाच कौलारू घरं, मागं एका कारखान्याची भिंत, पुढं एक चिंच. जुन्या धक्क्याचे तीन दगड तेवढे शिल्लक होते. हरेश्वरनं त्यातल्या एकावर पाय देऊन पाहिला. हलला नाही.

"झकास," तो म्हणाला. "उद्या भावबीज. पानी मोप असंल. आय सरल मामाच्या दारात उतरंल."

परतताना सगळी मंडळी हसत होती. मीही हसत होते. वर्षानुवर्षं बंद असलेली एक वाट आमच्या हातांनी उघडली होती आणि ती दुसऱ्या कुणाची तरी माहेरची वाट होती. असा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि त्यात थोडं दुखतही होतं. आमच्या गावच्या खाडीवर आता पूल झाला आहे असं ऐकते. तर बंद झाली. तिथं माझी वाट पाहणारं कुणी नाही, त्यामुळं पूल काय आणि तर काय.

भाऊबीज

जानाबाय सकाळपासून तयार. हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर ओवाळणीचं ताट, त्यावर पदर. होडी झेंडूनं सजवलेली. मागं सुकाणूच्या वल्ह्यावर हरेश्वर, पुढं दोघं वल्हवायला, मध्ये जानाबाय, कुसुम आणि मी. दुसरी होडी मागून. भरती ऐन जोमात होती. द्वितीयेचं उधाणाचं पाणी, आमची होडी नुसती उचलून नेत होतं. निळ्या पट्ट्या नाहीत, चिंध्या नाहीत. पाणी काळंच होतं, खोटं कशाला सांगू, पण ते वाहत होतं. जानाबाय काठावरची एकेक जागा ओळखत होती. इथं करंजाचं झाड होतं. इथं होडी थांबवून तिच्या बापानं पान खाल्लं होतं. इथं, वरातीच्या दिवशी, ती रडायची थांबली होती.

मग पाइप आला, आणि वल्ही थांबली.

कोळ्याची नजर आयुष्यभर खाली असते. पाण्यात खडक किती खोल, गाळ किती, होडीचं बूड टेकेल की नाही. डोक्यावर त्याला नुसतं आभाळ. दोन दिवस आम्ही या पाइपाखाली ओहोटीच्या वेळी ताठ मानेनं वावरलो होतो. भरतीचं पाणी चढलं की पाइप तेवढाच खाली येणार, हे त्या पंधरावीस माणसांत एकाच्याही मनात आलं नव्हतं. भरती जितकी मोठी तितकं चांगलं, हेच त्यांना जन्मापासून ठाऊक. आता पाणी पाइपाच्या पोटाला जवळजवळ टेकलं होतं. मधल्या फटीतून एखादं बदक गेलं असतं.

"काय झाला?" जानाबायनं विचारलं.

"पानी जास्त झाला, आय," हरेश्वर म्हणाला. त्याच्या तोंडून ते वाक्य मोठ्या कष्टानं निघालं.

मागच्या होडीतली चार माणसं आमच्या होडीत घेतली, म्हणजे ती दबेल. होडी दबली, पण पुढची वर वळलेली नाळ पाइपावर आपटली. कुणी म्हणालं, नाळ कापू. हरेश्वरनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरकला. मी, शहाणी, म्हणाले, "इथून वाडी दिसतेय. आजींना काठानं हात धरून नेलं तर?"

"नाय," जानाबाय म्हणाली. तिनं ताटावरचा पदर घट्ट केला. "कोरड्या पायानं जाऊन त्याला ओवालू? आजारी हाय तो. त्याचा वाईट झाला तर तू देशील मना भाव?"

 मला तिच्या रीतीवर विश्वास आहे की नाही हा प्रश्नच उरला नव्हता.

एकच उपाय होता. पाणी उतरायची वाट पाहायची. पण फार उतरलं तर पुढं वाडीपाशी होडी तरंगणार नाही. मधली तेवढीच फट. हरेश्वर पाइपाच्या खांबाला धरून बसला आणि खांबावरची ओली रेघ पाहू लागला. ऊन तापलं. झेंडू मलूल झाले. पलीकडं वाडीच्या काठावर माणसं जमलेली दिसत होती. दोघांनी लाकडी खुर्चीतून एका म्हाताऱ्याला उचलून आणलं आणि चिंचेखाली ठेवलं. जानाबायला त्या अंतरावरून काय दिसत होतं कोण जाणे. ती तिकडं पाहतच राहिली. मला वाटलं, आता हे पाणी उतरलं नाही तर मी स्वतः ते ओंजळीनं उपसून टाकीन.

"झोपा सगली," हरेश्वर एकदम म्हणाला.

आम्ही होडीत पाठीवर आडवे झालो. जानाबायनं ताट पोटावर धरलं. नाळ पाइपाखाली शिरली, खरवडली, अडली, पुन्हा सुटली. नाकाच्या वीतभर वरून काळं लोखंड सरकत होतं. वल्हवायला जागा नव्हती. सगळ्यांनी तळवे पाइपाला लावले आणि होडी ढकलली. थंड, घामेजलेलं लोखंड. मग एकदम ऊन डोळ्यांत आलं. कुणीतरी हुश्श केलं. बहुधा मीच.

पुढं पाणी आमच्याविरुद्ध धावत होतं. वल्ही टाकून बांबूनं रेटायला सुरुवात केली. वाडी हाकेच्या अंतरावर आली तेव्हा बूड गाळाला घासू लागलं. पुरुष उतरले, कुसुम उतरली, मी उतरले, नव्या चपलांसकट. गुडघाभर चिखलात उभं राहून आम्ही होडी ढकलली. ती इंचाइंचानं सरकली आणि धक्क्याच्या दगडाला येऊन टेकली.

"धर्मा," जानाबाय होडीतूनच म्हणाली, "मी आयले रं. होरीतून आयले."

धर्माचं अर्धं तोंड हललं. शब्द कळले नाहीत. त्याचा चांगला हात मात्र खुर्चीच्या दांड्यावर आपटत राहिला, आणि ती पुढं होऊन त्याला टिळा लावू लागली तेव्हा त्याच हातानं त्यानं तिचं मनगट पकडलं. तिला ताट धड फिरवता येईना. कुसुमनं ताटाला खालून आधार दिला आणि त्या दोघींनी मिळून ओवाळलं. मी चिखलाच्या पायांनी बाजूला उभी राहून रडले. तिथं कुणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही. सगळेच तसे होते.

फराळ झाला, चहा झाला आणि हरेश्वर धक्क्यावर जाऊन परत आला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. पाणी निघून गेलं होतं. होडी चिखलात आडवी पडली होती.

"आय, रात्री भरती हाय, तवा निघू," तो म्हणाला.

"कालोखात त्या पायपाखाली मी नाय जावाची," जानाबाय म्हणाली.

"मग रिक्षा आनतो."

"रिक्षानं? होरीतून आयले, मी उद्या उजेडात होरीतूनच जावाची." ती भावाच्या खुर्चीपाशी आणखी नीट मांडी घालून बसली. कुसुम माझ्या कानात कुजबुजली, की लग्न झाल्यापासून म्हातारी माहेरी एक रात्र राहिलेली नाही. त्याच भरतीच्या उतरत्या पाण्यावर परतायचं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात मासळी घेऊन बसायचं असायचं. हरेश्वर आईकडं बघत राहिला. मग त्याला हसू आलं. "बरा," तो म्हणाला आणि कुसुमला आणि मला म्हणाला, "चला, तुमी दोघी रिक्षानं घरी चला."

"कुसुम जाऊ दे, तिचा भाव येनार हाय," जानाबाय माझ्याकडं बोट करून म्हणाली. "ही राहू दे. हिला कोन न्यावाला येनार हाय?"

मला ते लागलं. खरं होतं म्हणून लागलं. धर्मानं मान वळवून बहिणीला काहीतरी विचारलं. ही कोण, असं असावं.

"मुलुंडची हाय," जानाबाय म्हणाली. "चिखलात बरी चालते."

मी राहिले. कुणी "कधी निघणार" म्हणून विचारलं नाही. धर्माच्या सुनेनं माझे पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि आपलं धुवट लुगडं नेसायला दिलं. दिवेलागणीला आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. खाली नदीचा उघडा गाळ मावळतीत चकाकत होता. दादा या वेळी मस्कतला काय करत असेल, त्याला आज कुणी टिळा लावला असेल का, हे मनात येऊन मला इतकी हुरहुर लागली की मी उठून आत जायला लागले. तेवढ्यात धर्मानं चांगल्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून तिथीवरून भरतीची वेळ मोजली आणि बहिणीकडं पाहिलं. या वेळी त्याचे शब्द मलाही स्पष्ट कळले.

"उद्या पानी उशिरा हाय," तो म्हणाला. "परवा आनखी उशिरा."